टीकाकार, द्वेष्टे आणि उलटी वाचलेली टक्केवारी

21 नोव्हेंबर 2024 रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने इस्रायलचे पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं. त्यांच्या कार्यालयाने लगेच हा निर्णय ज्यूद्वेषातून आल्याचं जाहीर केलं. समाजमाध्यमांवर समोरची फळीही तयारच होती: इस्रायल सरकारवरची टीका आणि ज्यूद्वेष यांचा काडीचाही संबंध नाही! वॉरंट योग्य की अयोग्य हे कायदेपंडित बघतील. पण दोन्हीकडच्या घोषणांत जो घोटाळा आहे तो बारावीच्या गणितातला, सशर्त संभाव्यतेचा (एक गोष्ट खरी धरून दुसरीची शक्यता काढण्याचा) आहे, आणि हे प्रकरण माझ्या फार आवडीचं.

ज्यूंचा द्वेष करणारा माणूस इस्रायलवर कडक टीका करेल याची शक्यता किती? आणि कडक टीका करणारा माणूस ज्यूंचा द्वेष करत असेल याची शक्यता किती? बोलताना दोन्ही प्रश्न एकच वाटतात. उत्तरं मात्र पार वेगळी येतात.

हजार प्रौढांचं एक गाव घ्या. 2017 साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका मोठ्या पाहणीत ज्यूद्वेष्टे म्हणता येतील असे सुमारे 5 टक्के लोक आढळले होते. तेवढाच इथे धरू, म्हणजे 50 जण. पुढचे आकडे हिशेबापुरते माझे. या पन्नासांपैकी 80 टक्के, म्हणजे 40 जण इस्रायल सरकारवर सडकून टीका करतात. उरलेल्या 950 जणांपैकी शांततेच्या काळात 10 टक्के, म्हणजे 95 जण तशीच टीका करतात. एकूण टीकाकार 135, त्यांत द्वेष्टे 40. म्हणजे जवळपास 30 टक्के. द्वेष्ट्यांतले 80 टक्के टीकाकार, पण टीकाकारांतले 30 टक्केच द्वेष्टे.

आता युद्ध सुरू झालं. रोज टीव्हीवर उद्ध्वस्त इमारती आणि मुलांचे मृतदेह. ज्यांना एरवी नकाशावर गाझा दाखवता आलं नसतं असेही लोक संतापतात. उरलेल्या 950 पैकी टीका करणारे 30 टक्क्यांवर, म्हणजे 285 वर जातात. द्वेष्टे तेवढेच धरले तर एकूण टीकाकार 325 आणि त्यांतले द्वेष्टे 40, म्हणजे जेमतेम 12 टक्के! टीकेचे शब्द तेच, पण त्यांवरून माणसाच्या मनातलं ओळखण्याची ताकद युद्धाने निम्म्याहून खाली आणली. आणि नेमक्या याच काळात सरकारं हा आरोप सर्वाधिक वापरतात.

थॉमस बेझ या इंग्रज पाद्र्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये छापला गेला, तो याच उलट्या प्रश्नाबद्दल. त्याची पद्धत आजच्या भाषेत अशी: आधीचं प्रमाण 50 ला 950, म्हणजे 1:19. विधान द्वेष्ट्याच्या तोंडी येण्याची शक्यता भागिले इतरांच्या तोंडी येण्याची शक्यता, हे झालं संभाव्यता गुणोत्तर. युद्धकाळातल्या टीकेसाठी ते 80 भागिले 30, सुमारे 2.7. आधीच्या प्रमाणाला त्याने गुणलं की प्रमाण झालं 2.7:19, म्हणजे 2.7 भागिले 21.7, तेच 12 टक्के. आता वेगळं विधान घ्या: ‘इस्रायलने जे केलं त्याबद्दल आपल्या गल्लीतल्या ज्यूंना धडा शिकवायला हवा.’ समजा, द्वेष्ट्यांतले 50 टक्के हे म्हणतील, इतरांतले 2 टक्के. गुणोत्तर 25, प्रमाण 25:19, शक्यता 25 भागिले 44, म्हणजे 57 टक्के. म्हणजे वाक्य कठोर आहे का हे मोजून फारसं हाती लागत नाही. ते वाक्य द्वेष नसलेल्या माणसाच्या तोंडी कितपत येईल हे मोजावं लागतं.

एडवर्ड कॅपलान आणि चार्ल्स स्मॉल यांनी 2006 मध्ये युरोपातल्या 10 देशांतल्या प्रत्येकी 500 नागरिकांच्या पाहणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. इस्रायलविरोध जितका टोकाचा, तितकी ज्यूद्वेषाची शक्यता जास्त, हा त्यांचा निष्कर्ष. अगदी टोकाच्या गटात तर निम्म्याहून अधिक लोकांत तो सापडला. म्हणजे ‘काडीचाही संबंध नाही’ म्हणणारेही चूकच. ब्रिटनमध्ये ज्यूविरोधी घटनांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे 2022 साली 1,662 घटना होत्या, 2023 साली 4,103. शिवाय ही उसळी 7 ऑक्टोबरच्या हमासच्या हल्ल्यानंतर लगेच सुरू झाली, इस्रायलची मोठी कारवाई व्हायच्याही आधी. सरकारच्या धोरणावरचा राग हे कारण तिथे पुरत नाही.

एका देशाच्या मंत्रिमंडळाचा हिशेब जगभरच्या ज्यूंकडून मागणाऱ्यांनी अलिबागकडे बघावं. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, आपल्याकडचे शनिवार तेली, मराठी बोलतात. इस्रायलने कोणतं लढाऊ विमान उडवायचं हे त्यांना कोणी विचारत नाही. त्यांच्यातले जे इस्रायलला गेले, त्यांच्या ज्यूपणावरच तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी शंका घेतली, तेव्हा त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं आणि 1964 मध्ये सरकारला त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्य करायला लावलं. हे टीकाकार कुठल्या रकान्यात टाकणार?

‘सगळ्यामागे ज्यूंचा छुपा हात’ हे फॉरवर्ड तर तपासण्याच्याही लायकीचं नाही. 1349 मध्ये स्ट्रासबुर्गमध्ये विहिरींत विष कालवून प्लेग पसरवल्याच्या अफवेवर शेकडो ज्यूंना जाळलं. प्लेगचा जंतू अलेक्झांडर येर्सिनला 1894 मध्ये हाँगकाँगला सापडला. दोन वर्षांत तो मुंबईतही पोचला, कोणाच्याही कटाशिवाय.

द्वेष ओळखण्याची माझी आवडती युक्ती फ्लोरेट कोहेन आणि सहकाऱ्यांच्या 2009 च्या प्रयोगातली आहे. मानवी हक्कांचं एकच उल्लंघन त्यांनी कुणाला इस्रायलच्या नावे दाखवलं, कुणाला रशियाच्या, कुणाला भारताच्या. ज्यांना आधी स्वतःच्या मृत्यूचा विचार करायला लावला होता, त्यांची शिक्षेची मागणी इस्रायलबाबत इतर दोन देशांपेक्षा जास्त वाढली. मृत्यूची आठवण करून देण्याचं हे तंत्र पुढे अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या एका पडताळणीत टिकलं नाही, त्यामुळे या निकालावर डोळे मिटून विसंबू नये. देशाचं नाव बदलून तोच मजकूर पुन्हा वाचायला मात्र प्रयोगशाळा लागत नाही. आणि ही युक्ती उलटीही चालते: हेच वॉरंट दुसऱ्या एखाद्या देशाच्या पंतप्रधानावर निघालं असतं, तर आज त्याला ज्यूद्वेष म्हणणारे काय म्हणाले असते?