व्हायलमधलं टिकणं वेगळं, डेपोतलं टिकणं वेगळं

चिपळूणला बी.फार्मच्या पोरांचे सेमिनार ऐकतो, दरवर्षी एक तरी स्लाइड असतेच: "पीएलजीए बायोकम्पॅटिबल आहे, म्हणून आतलं प्रोटीन सेफ." पीएलजीए म्हणजे शरीरात हळूहळू तुटत जाणारं पॉलिमर. त्याच्या बारीक गोळ्यांत (मायक्रोस्फिअर) प्रोटीनचं औषध भरून टोचतात, टोचल्या जागी त्याचा साठा, म्हणजे डेपो, होतो आणि औषध हळूहळू सुटतं. अरे, बायोकम्पॅटिबल कुणाला? आपल्या शरीराला. प्रोटीनला विचारलंय कुणी?

व्हायलमधलं, म्हणजे इंजेक्शनच्या बाटलीतलं, टिकणं सगळ्यांना पाठ आहे. 2 ते 8 अंश, गोठवू नका, जोरात हलवू नका, पावसात लाइट गेली की फ्रिजचं दार उघडझाप करू नका. कोकणातल्या माणसाला हे काय सांगायचं.

खरा घोळ सुई टोचल्यावर सुरू होतो. व्हायलमध्ये प्रोटीन कोरडं नाहीतर थंड असतं, डेपोत ते 37 अंशाला ओल्यात पडून राहतं, तेही आठवडेच्या आठवडे. श्रावणात दूध पावडरच्या डब्यात दमट हवा शिरली की काय होतं? पावडर विरघळत नाही, नुसते गोळे. मायक्रोस्फिअरच्या आत सुरुवातीला पाणी तेवढंच शिरतं, प्रोटीन विरघळायला कमी पण एकमेकांना चिकटायला भरपूर. त्यात पीएलजीए तुटून लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ॲसिड तयार होतं, ते पटकन बाहेर पडत नाही, आतच कोंडतं आणि उरलेलं पॉलिमर अजून लवकर तोडतं. बाहेर बफर (मायक्रोस्फिअर ज्यात ठेवून तपासतात ते द्रावण) 7.4 पीएचवर निवांत, आत पीएच 3 च्या खालीसुद्धा जाऊ शकतो. 3 जरी धरला तरी 25,000 पट आंबट! दुधात चार चमचे आगळ ओतून बघा, प्रोटीनचं काय होतं ते डोळ्यांनी दिसेल.

आणि पोरं पीएच मोजतात कुठला, तर बाहेरच्या बफरचा. वर सांगतात, "सर, रिलीज झालेलं प्रोटीन एकदम चांगलं आहे." असणारच, जे धड होतं तेच बाहेर आलं, बिघडलेलं आत गोळा होऊन बसलंय. रिलीज अर्ध्यावर का अडकला ते आधी बघा ना.

ट्रेहलोज (एक साखर) घातलं की झालं, हेही नको. ते प्रोटीन सुकवताना कामाचं, आतलं ॲसिड ते मारत नाही. मी असतो तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घातलं असतं, ॲसिडिटीच्या पांढऱ्या औषधात असतं तेच, हळूहळू विरघळतं आणि आतला आंबटपणा मारत राहतं.

आणि पीएलजीए डेपोतून देतात त्या ल्युप्रोलाइड या औषधाचा दाखला देऊ नका प्लीज. ते 9 अमिनो ॲसिडचं पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचा छोटासा तुकडाच म्हणा, त्याला विस्कटायला धड घडीच नाही. ग्रोथ हार्मोन 191 चं. त्याला झिंकशी बांधून 1999 मध्ये अमेरिकेत न्युट्रोपिन डेपो हे पीएलजीए मायक्रोस्फिअरचं औषध मंजूर झालं खरं, पण बनवणं परवडेना, 2004 मध्ये बंद केलं.