जुन्या लाकडाचा गोठा नव्याने उभारताना: ग्राहकांसाठी माहिती

"जुनं घर पाडायला काढलंय, त्यातल्या लाकडात गोठा होईल का?" असा फोन आम्हाला बहुतेक वेळा उशिराच येतो. तोवर जेसीबीने भिंत लोटलेली असते, वासे मोडलेले असतात आणि कौलांचा चुरा झालेला असतो. म्हणून पहिली विनंती: घराला हात लावण्याआधी बोलवा. पाहून सांगण्याचे पैसे आम्ही घेत नाही.

कोकणातल्या घरांत खांब-वाशांना साग, ऐन, किंजळ, कधी फणस सापडतो. लाकूड दिसायला काळं पडलं म्हणून बाद होत नाही. आम्ही लाकडी हातोडीने टोक ते टोक ठोकत जातो. भरीव आवाज आला तर ठीक. ढपढप आवाज आला तर आत वाळवीने पोखरलंय असं समजायचं. बहुतेक खांब कुजतात ते पायाशी. गोठ्यात शेण-मूत आणि ओल कायम असते, तिथे तर जास्तच. कुजलेला फूटभर भाग कापून टाकतो आणि तेवढाच उंच जांभ्याचा तळखडा (खांबाखालचा दगड) खाली देतो. खांब पुन्हा जमिनीला टेकवायचा नाही, यावर आम्ही अडून बसतो.

उतरवायचं वरून खाली: कौलं, रीप, वासे, आढं, भाल (खांबांवरची आडवी तुळई), शेवटी खांब. भालीची कूस (टोकाचा निमुळता केलेला भाग) खांबाच्या खाचेत बसवून लाकडी खुंटी मारलेली असते. खुंटी बारीक टोकाकडून ठोकली की निघते. घाईत करवत लावली तर कूस जाते आणि वीतभर लांबी कायमची कमी होते. प्रत्येक नगावर आतल्या बाजूला तेलरंगाने नंबर घालतो; खडूचे आकडे पहिल्या सरीत जातात. सागाचा 8 इंची चौकोनी, 10 फुटी खांब 80 किलोच्या आसपास भरतो, तेव्हा "दोन गडी देतो" म्हणू नका, चार लागतील.

कौलांचं वेगळंच दुखणं आहे. मंगळुरात बासल मिशन या ख्रिस्ती संस्थेने 1865 साली कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर तिकडे अनेक कारखाने झाले, आणि प्रत्येकाच्या खाचा थोड्या निराळ्या. पाठीवरचा छाप पाहून चवड वेगळी लावा. दोन छापांची कौलं एकाच पाखीवर (छपराच्या एका उतारावर) मिसळली की पाणी नेमकं तिथूनच आत येतं. भिंतीतले मातीत बांधलेले चिरे अखंड सुटतात. सिमेंटात बसवलेले निम्मेसुद्धा हाती लागतील असं धरू नका.

आराखडा मात्र लाकूड हातात आल्यावरच काढू. सर्वांत लांब चांगली भाल 11 फूट निघाली तर खण (दोन खांबांमधलं अंतर) 11 फुटांच्या आतच पडणार. कागदावर आधी 14 फुटांचा खण आखून मग लाकूड शोधायला निघालं, तर शेवटी नवंच विकत घ्यावं लागतं.

आता पैशाचं. जुन्या लाकडात गोठा स्वस्त होतो हा समज आम्हीच मोडतो. लाकडाचे पैसे वाचतात, पण खिळे उपटणं, साफ करणं, नवे सांधे घालणं यात मजुरी जाते. चुकून राहिलेल्या एका खिळ्याने रंध्याचं पातं जातं, म्हणून यंत्राने धातू शोधल्याशिवाय आम्ही रंधा लावत नाही. हाती येतं ते वर्षानुवर्षं वाळून मुरलेलं लाकूड, जे आता सहसा वाकत नाही की पिळत नाही.

वाळवीसाठी बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं पाणी, ते वाळल्यावर काजूच्या टरफलाचं तेल. हे तेल कातडी भाजतं. पूर्ण सुकेपर्यंत गुरं आत बांधू नका. (आजकाल निम्म्या गोठ्यांत गुरांऐवजी मुंबईचे पाहुणे असतात, त्यांनाही हाच नियम.)

लाकूड दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर वाहतुकीचा पास लागतो का, हे गाडी भरण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात विचारून घेऊ. घराचा उतारा आणि उतरवण्यापूर्वीचे फोटो जवळ ठेवा.

काम दिवाळीनंतर सुरू करतो, मृगाच्या आधी कौलं चढली पाहिजेत. एप्रिलमध्ये फोन केलात तर घर तेवढं पाहून ठेवू, हात दिवाळीनंतर लावू.