बसवरचा आकडा, मोबाइलवरची जाहिरात : सार्वमताच्या प्रचाराची पार्श्वभूमी

सार्वमत म्हटलं की महाराष्ट्रात दोन गोष्टी आठवतात. एक, दारूच्या दुकानासाठी होणारं 'उभी बाटली, आडवी बाटली' मतदान. दुसरी, 16 जानेवारी 1967 चा गोव्याचा कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, असा तो प्रश्न होता. विलीनीकरणाची खूण फूल, विरोधाची दोन पानं. फुलाला 1,38,170 मतं पडली, दोन पानांना 1,72,191. प्रचारात चालले ते पोटापाण्याचे मुद्दे: सरकारी नोकऱ्या कोणाला मिळणार, महाराष्ट्रातली दारूबंदी आली तर माडी काढणाऱ्या रेंदेरांनी काय करायचं, गोवा नुसता एक जिल्हा होऊन बसणार का. मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांना मताचा हक्क मिळाला नाही. तो हवा म्हणून झालेली मागणी मान्य झाली नाही आणि त्याची खंत कित्येक घरांत पुढेही राहिली. पण त्या प्रचाराचं एक वैशिष्ट्य नोंदवायला हवं. तो सभांत, गाण्यांत आणि वर्तमानपत्रांच्या स्तंभांत झाला. एका बाजूनं काय दावा केला हे दुसरीला दुसऱ्या दिवशी सकाळी कळत होतं आणि उत्तर देता येत होतं.

ब्रिटनमध्येही बराच काळ असंच होतं. 1975 साली युरोपीय बाजारात राहायचं की नाही यावर मतदान झालं, तेव्हा घरोघरी तीन पुस्तिका गेल्या: एक सरकारची, एक बाजूची, एक विरोधी. 2011 साली मतदानपद्धत बदलण्यावर सार्वमत झालं तेव्हा प्रचाराचा नूर बदललेला दिसतो. बदलाच्या विरोधकांनी रुग्णालयातल्या तान्ह्या बाळाचं छायाचित्र लावलं आणि या बाळाला हृदयोपचाराची सोय हवी, नवी मतदानपद्धत नको, असा मजकूर दिला. नव्या पद्धतीला 25 कोटी पौंड खर्च येईल, हा त्यामागचा दावा होता आणि तो तेव्हाही वादग्रस्त होता. विरोधक मोठ्या फरकानं जिंकले. ब्रिटननं युरोपीय संघात राहावं की बाहेर पडावं यावर 2016 साली सार्वमत झालं, तेव्हा त्या मोहिमेचा प्रमुखच 'बाहेर पडा' मोहिमेचा मुख्य कार्यकारी झाला. रुग्णालय विरुद्ध वायफळ खर्च हे गणित त्याच्याबरोबर आलं.

आता तो आकडा. ब्रिटन दर आठवड्याला युरोपीय संघाला 35 कोटी पौंड पाठवतो, ते पैसे आपल्या सरकारी आरोग्यसेवेला देऊ, असा मजकूर लाल बसवर रंगवून ती देशभर फिरवली गेली. हा आकडा हवेतून काढलेला नव्हता, म्हणूनच तो जास्त घातक ठरला. ब्रिटनच्या नावावर साधारण तेवढी वर्गणी मांडली जायची खरी. पण 1984 साली मिळवलेली सूट त्यातून आधीच वजा व्हायची, ती रक्कम देशाबाहेर जातच नव्हती. दादरच्या दुकानात साडीवर 3500 ची चिठ्ठी असावी, बिल 2500 चं व्हावं आणि घरी येऊन 3500 गेले असं सांगावं, तसा हा प्रकार. सूट वजा जाता आठवड्याला सुमारे 25 कोटी पौंड उरत. त्यातूनही शेतकऱ्यांना आणि मागास भागांना संघाकडून परत येणारा पैसा धरला, तर निव्वळ रक्कम सुमारे 16 कोटींवर यायची.

सरकारी आकडेवारीवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं मतदानाआधीच, मे 2016 मध्ये, हा दावा दिशाभूल करणारा असल्याचं जाहीर केलं. बस फिरतच राहिली. इथेच या प्रकरणाची खरी मेख आहे. विरोधक दूरचित्रवाणीवर येऊन 'पस्तीस नव्हे, पंचवीस' असं सांगायचे आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात एवढंच राहायचं की कोट्यवधी पौंड बाहेर जातात. खोडून काढण्याच्या प्रत्येक प्रयत्नानं दाव्याला आणखी एक दिवस मिळाला. मोहिमेच्या सूत्रधारानं जानेवारी 2017 मध्ये स्वतःच लिहिलं की हा आकडा आणि आरोग्यसेवा यांच्याशिवाय आपण बहुधा जिंकलो नसतो. 2018 च्या एका पाहणीत, हा दावा ऐकलेल्यांपैकी 42 टक्के लोक तो अजूनही खरा मानत होते. 2019 साली एका नागरिकानं या दाव्यावरून मोहिमेच्या एका नेत्यावर खासगी खटला गुदरला. खालच्या न्यायालयानं समन्स काढलं, उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. प्रचारातलं खोटं ही कोणाच्याच अखत्यारीतली गोष्ट नव्हती. ब्रिटनमधल्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनं 1999 पासूनच राजकीय जाहिराती आपल्या नियमांबाहेर ठेवल्या होत्या. साबण गोरा करतो म्हणणाऱ्याला जाब विचारता येत होता, देशाचं भवितव्य ठरवणाऱ्या फलकाला नाही. मला ही व्यवस्थेची सर्वांत मोठी चूक वाटते.

'राहा' बाजूचे दावेही सोवळे नव्हते. प्रत्येक कुटुंबाला वर्षाला 4,300 पौंडांचा फटका बसेल, हा सरकारी आकडा 2030 सालच्या राष्ट्रीय उत्पन्नातल्या अंदाजित घटीला कुटुंबसंख्येनं भागून काढलेला होता. लोकांनी तो खिशातून जाणारा पैसा समजला. सरकारनं 93 लाख पौंड खर्चून 2 कोटी 70 लाख घरांत आपलं पत्रक टाकलं. तरी पत्रक आणि बस दोन्ही सर्वांच्या डोळ्यांसमोर होती.

मोबाइलवरच्या जाहिराती तशा नव्हत्या. त्या कशा होत्या हे लोकांना कळलं जुलै 2018 मध्ये, मतदानानंतर दोन वर्षांनी, संसदेच्या समितीनं फेसबुककडून मागवल्यावर. एका जाहिरातीत हिमअस्वल: संघामुळे त्याच्या रक्षणासाठी आपल्याला बोलता येत नाही. दुसरीत बैलांच्या झुंजी. तिसरीत चहाचा कप, जणू संघ ब्रिटिशांच्या चहावर उठला आहे. तुर्कस्तानचे साडेसात कोटींहून जास्त लोक येणार, असं सांगणारीही होती. प्राणिप्रेमीला अस्वल, धास्तावलेल्याला तुर्कस्तान. प्रत्येकाला त्याच्यापुरतं कारण मिळालं आणि शेजाऱ्याला काय दाखवलं याचा पत्ता कोणालाच नव्हता. युरो 2016 या फुटबॉल स्पर्धेच्या सर्व 51 सामन्यांचे निकाल अचूक सांगणाऱ्याला 5 कोटी पौंडांचं बक्षीस जाहीर झालं होतं. ते मिळणं जवळपास अशक्य, पण भाग घेणाऱ्यांची नावं, पत्ते, फोन नंबर मोहिमेच्या हाती आले. मोहिमेच्याच सांगण्यानुसार जवळजवळ 100 कोटी जाहिराती दाखवल्या गेल्या, बहुतेक अखेरच्या दिवसांत. तेव्हा उत्तर द्यायला वेळही उरलेला नव्हता.

कायद्यानं पकडलं ते फक्त पैशांत. अधिकृत मोहिमेला 70 लाख पौंडांची मर्यादा होती. तिनं विद्यार्थ्यांच्या एका गटाला सहा लाखांहून जास्त देणगी दिली आणि ते पैसे कॅनडातल्या त्याच कंपनीकडे गेले, जी मोहिमेच्याही जाहिराती करत होती. निवडणूक आयोगानं जुलै 2018 मध्ये 61,000 पौंड दंड केला. त्याच वर्षी उच्च न्यायालयानं देणग्यांबाबत आयोगानंच कायद्याचा चुकीचा अर्थ लावल्याचं म्हटलं आणि विद्यार्थी गटाच्या प्रमुखाचा दंड 2019 साली रद्द झाला. निकालाला यातल्या कशानंच धक्का लागला नाही: 'बाहेर पडा' 51.9, 'राहा' 48.1 टक्के, फरक 12,69,501 मतांचा.

केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीनं केलेला, फेसबुकवरच्या 8 कोटी 70 लाख लोकांच्या माहितीचा घोटाळा मार्च 2018 मध्ये उघडकीस आला. तो आणि हे प्रकरण आपल्याकडे अजूनही एकच समजलं जातं. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी 2020 साली तपास संपवताना सांगितलं की त्या कंपनीचा सार्वमतात प्राथमिक चौकशीपलीकडे सहभाग आढळला नाही. अस्वलाच्या जाहिरातीला कुठल्या गुप्त मनोविज्ञानाची गरज नव्हती. वय, गाव, आवड आणि भरपूर पैसे एवढं पुरलं.

धडा घेतला गेला आयर्लंडमध्ये. 25 मे 2018 च्या गर्भपातविषयक सार्वमताआधी फेसबुकनं परदेशी जाहिराती थांबवल्या आणि गुगलनं त्या विषयावरच्या सगळ्याच. पुढे 10 ऑक्टोबर 2025 पासून युरोपीय संघात राजकीय जाहिरातींचे कडक नियम लागू झाले, तेव्हा दोन्ही कंपन्यांनी तिथे अशा जाहिराती घेणंच बंद केलं.

भारतात त्या चालू आहेत. आपल्या निवडणूक आयोगानं 2013 पासून समाजमाध्यमांवरच्या राजकीय जाहिरातींनाही पूर्वप्रमाणन, म्हणजे दाखवण्याआधी मजकूर मंजूर करून घेणं, सक्तीचं केलं. फेसबुकच्या जाहिरात-संग्रहात कोणी किती खर्च केला हे कोणालाही पाहता येतं. मात्र मुंबईतला प्रचार बराचसा तिथे नसतोच. मतदारयादीवरून काढलेला, नाव, खोली क्रमांक आणि मतदान केंद्र घातलेला संदेश व्हॉट्सॲपवर येतो. एकाच मजल्यावर मराठी घराला एक मजकूर, गुजराती घराला दुसरा. पाणी, पुनर्विकास, मराठी पाट्या, फेरीवाले, ज्याला जे टोचतं ते. या संदेशांचा कुठलाही संग्रह नाही.