रोहित्रातलं वनस्पती तेल: सव्वाशे वर्षांपूर्वी बाद, आता पुन्हा आत

निफाड-दिंडोरीकडे शेताच्या बांधावर उभी असलेली डीपी, म्हणजे वीज वाटपाचं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), बहुतेकदा ६३ किंवा १०० केव्हीएची असते. १०० केव्हीएच्या टाकीत साधारण दीडशे ते दोनशे लिटर तेल मावतं. ते गुंडाळीतली उष्णता टाकीच्या पत्र्यापर्यंत आणून सोडतं आणि ११ केव्हीची बाजू ४३३ व्होल्टच्या बाजूपासून व टाकीपासून तोडून ठेवतं. आजही हे तेल बहुतेक ठिकाणी पेट्रोलियमपासून काढलेलं खनिज तेलच आहे. १६० ते १७० अंश सेल्सिअसला ते पेटून जळत राहतं. टाकी फुटून किंवा चोरांनी तांब्यासाठी डीपी फोडून ते जमिनीवर सांडलं, तर माती लवकर साफ होत नाही. वनस्पती तेलापासून केलेला द्रव, म्हणजे नैसर्गिक एस्टर, जळत राहायला ३५० अंशांच्या आसपास तापावा लागतो आणि जिवाणू तो काही आठवड्यांत बराचसा खाऊन टाकतात. मग रोहित्रांच्या इतिहासात सुरुवातीलाच तो का टाकून दिला गेला आणि शंभर वर्षांनी परत का आला? जुन्या डीपीत तो कसा भरायचा, याचं उत्तर इथेच सापडतं.

एलिहू थॉमसन यांनी रोहित्रात खनिज तेल वापरण्याचं पेटंट १८८७ मध्ये घेतलं. १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेन ते फ्रँकफर्ट अशी १७५ किलोमीटरवर त्रिफेज वीज नेऊन दाखवली, तेव्हा तिथली रोहित्रं तेलात बुडवलेली होती. त्याच सुमारास वनस्पती तेलंही वापरून पाहिली गेली आणि दोन कारणांनी मागे पडली: थंडीत ती खनिज तेलाच्या मानाने लवकर घट्ट व्हायची आणि हवेत लवकर बिघडायची. पहिलं कारण युरोप-अमेरिकेच्या हिवाळ्यातलं. आजच्या नैसर्गिक एस्टरचा ओघबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली तेल वाहायचं थांबतं ते तापमान, उणे १८ ते उणे २१ अंशांच्या आसपास असतो. निफाडचा पारा थंडीत पाचाखाली उतरला तरी आपल्याला ती अडचण येत नाही. दुसरं कारण मात्र जसंच्या तसं शिल्लक आहे.

वनस्पती तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. या मेदाम्लांच्या साखळीत दुहेरी बंध असतात आणि प्राणवायू नेमका तिथेच चिकटतो. ओलिक आम्लात असा एक बंध असतो, लिनोलिकमध्ये दोन, लिनोलेनिकमध्ये तीन. बंध वाढत गेले की बिघडण्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो. बिघडलेले रेणू एकमेकांना जोडले जातात, तेल आधी दाट होतं आणि पातळ थरात असेल तर चक्क कातडं धरतं. तेलाच्या बाटलीच्या तोंडाशी जमणारा चिकट पिवळा थर म्हणजे हीच क्रिया. जवसाच्या तेलात लिनोलेनिक भरपूर, म्हणून ते रंगात वाळतं. रंगाला ते हवंच असतं, रोहित्राला मुळीच परवडत नाही.

खनिज तेलही हवेत बिघडतं, त्यात आम्ल आणि गाळ तयार होतो, पण ते द्रवच राहतं आणि दाटी फारशी बदलत नाही. आणि त्या काळची रोहित्रं श्वास घेणारी होती, आपल्या बहुतेक डीपी आजही तशाच आहेत. दिवसा भार वाढला की तेल फुगतं आणि हवा बाहेर जाते. रात्री ते आकसतं आणि ब्रीदरमधून हवा परत आत येते. ब्रीदरमधली सिलिका जेल ओलावा अडवते, प्राणवायू अडवत नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात ती निळ्याची गुलाबी होते, तेव्हा निदान ओलाव्याचं तरी कळतं. प्राणवायू आत गेल्याची अशी कुठलीच खूण बाहेर दिसत नाही. स्वस्त, मुबलक आणि श्वास घेणाऱ्या टाकीत टिकणारं, म्हणून खनिज तेल जिंकलं. आगीचा विचार तेव्हा दुय्यम होता.

इमारतींच्या तळघरात, रुग्णालयांत, कारखान्यांच्या आत रोहित्रं बसू लागली तेव्हा आगीचा प्रश्न पुढे आला. त्यावर १९३० च्या आसपास उत्तर निघालं ते पीसीबीचं. पॉलिक्लोरिनेटेड बायफिनिल्स पेटत नाहीत, सडत नाहीत, वर्षानुवर्षं जसेच्या तसे राहतात. ॲस्करेल हे त्यांचं सर्वसाधारण नाव, पायरानॉल आणि इनरटीन ही कंपन्यांची. न सडण्याचा हाच गुण पुढे अंगाशी आला. १९६८ मध्ये जपानमध्ये तांदळाच्या कोंड्याच्या खाद्यतेलात उष्णता देणाऱ्या नळ्यांमधून पीसीबी मिसळले आणि हजारो लोकांना बाधा झाली. ‘युशो’ म्हणून ते प्रकरण ओळखलं जातं. १९८१ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटन इथल्या १८ मजली सरकारी इमारतीत विजेच्या बिघाडाने आग लागली, तळघरातल्या रोहित्रातला पीसीबी तापला आणि डायॉक्सिन-फ्युरान ही विषारी रसायनं असलेली काजळी हवेच्या मार्गांतून मजल्यामजल्यावर पसरली. इमारत पुन्हा उघडायला १९९४ उजाडलं. अमेरिकेत पीसीबीचं उत्पादन १९७९ मध्येच बंद झालं होतं. २००१ च्या स्टॉकहोम कराराने यंत्रांतला वापर थांबवायला २०२५ ची मुदत दिली. भारताने एप्रिल २०१६ च्या आदेशाने उत्पादन-आयात थांबवली आणि वापराला ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची तारीख ठरवली. जुनं रोहित्र उघडण्याआधी तेलात ५० पीपीएमपेक्षा (दहा लाखांत ५० भागांपेक्षा) जास्त पीसीबी नाही ना, हे तपासायचं ते यासाठी. एकाच फिल्टर मशीनवरून दहा रोहित्रांचं तेल फिरलं असेल, तर एकातला पीसीबी दहांत गेलेला असू शकतो.

पीसीबीच्या जागी सत्तरच्या दशकात सिलिकॉन तेल आणि कृत्रिम एस्टर आले. सिलिकॉन सहजी पेटत नाही, पण निसर्गात सहज विघटितही होत नाही. कृत्रिम एस्टर पेंटाएरिथ्रिटॉलपासून करतात. त्यात दुहेरी बंध जवळपास नसतात, त्यामुळे तो हवेला चांगला टिकतो आणि श्वास घेणाऱ्या टाकीतही चालतो. किंमत मात्र भारी. नव्वदच्या दशकात अमेरिकेत दोन गट पुन्हा वनस्पती तेलाकडे वळले. कूपर पॉवर सिस्टिम्सने सोयाबीन घेतलं, एबीबीने भरपूर ओलिक असलेलं सूर्यफूल. कूपरचं एफआर३ १९९६ पासून प्रत्यक्ष रोहित्रांत आहे, २०१२ पासून ते कारगिलकडे आहे. एबीबीचं बायोटेम्प १९९९ च्या आसपास आलं. दोघांनी तेल शुद्ध केलं, प्रतिऑक्सिडंट मिसळले. पण खरा फरक टाकीत पडला होता. मधल्या काळात हवाबंद टाक्या, नायट्रोजनची गादी, कॉन्झर्व्हेटरमध्ये (टाकीवरच्या, तेलाला फुगायला जागा देणाऱ्या पिंपात) तेल आणि हवा वेगळी ठेवणारी रबरी पिशवी, हे सगळं नेहमीचं झालं होतं. सव्वाशे वर्षांपूर्वी यातलं काहीच हाताशी नव्हतं.

मग मानकं आली: एएसटीएम डी६८७१ (२००३), आयट्रिपलई सी५७.१४७ (२००८), आयईसी ६२७७० (२०१३) आणि आपलं आयएस १६६५९. २०१४ मध्ये जर्मनीत ब्रुख्सालजवळ ४२० केव्हीचं वनस्पती तेलाचं रोहित्र लागलं. इतक्या वरच्या विद्युतदाबाला वेळ लागला त्याला कारण आहे. लांब अंतरात आवेगी (वीज पडल्यावर येतो तसा क्षणिक) दाब आला की एस्टरमधली ठिणगी खनिज तेलापेक्षा कमी दाबाला वेग पकडते, म्हणून गुंडाळीची आणि अंतरांची रचना वेगळी करावी लागते. ११ आणि ३३ केव्हीला ही अडचण जवळपास जाणवत नाही.

एस्टरचा एक फायदा कामावर आल्यावर ठळक झाला. गुंडाळीवरच्या कागदाचं आयुष्य म्हणजे रोहित्राचं आयुष्य, आणि कागद संपतो तो उष्णता व पाण्याने. नेहमीच्या तापमानाला खनिज तेलात ५५-६० पीपीएम पाणी मावतं, नैसर्गिक एस्टरमध्ये हजाराच्या पुढे. त्यामुळे पाणी कागदातून निघून तेलात येतं, शिवाय त्यातलं थोडं एस्टरशी अभिक्रिया होऊन संपतं. त्यातून सुटणारी लांब साखळीची मेदाम्लं सौम्य असतात. म्हणूनच एस्टरमध्ये तोच कागद जास्त तापमानाला चालवायची मुभा आयईसी ६००७६-१४ देतं.

पाणी मावण्याच्या या फरकामुळेच चाचणी-अहवाल वाचताना गडबड होते. १५० पीपीएम पाणी हा आकडा खनिज तेलाच्या सवयीने धक्कादायक वाटतो, एस्टरला तो साधा आहे. नव्या एस्टरलाच २०० पीपीएमची मर्यादा आहे. आम्लांक आणि टॅन डेल्टाही (तेलात वाया जाणाऱ्या विजेचं माप) मुळातच वरचे असतात. खनिज तेलाची मर्यादा लावून चांगलं तेल बाद करण्याचे प्रकार यातूनच होतात. बीडीव्ही, म्हणजे तेल किती विद्युतदाबाला ठिणगी सोडतं ते, घेताना २.५ मिलिमीटरच्या गॅपमध्ये बुडबुडे राहिले तर आकडा खाली येतो. एस्टर ४० अंशांना खनिज तेलाच्या तिप्पट ते चौपट दाट असल्याने बुडबुडे सावकाश वर येतात, म्हणून नमुना जास्त वेळ स्थिर ठेवावा. वायू-विश्लेषणात निरोगी रोहित्रातही इथेन वाढलेलं दिसतं. त्यावरून लगेच दोष काढू नये.

सातपूर-अंबडच्या परिसरात किंवा कुठल्याही दुरुस्ती शेडमध्ये खनिज तेलाचं रोहित्र एस्टरवर आणायचं असेल तर क्रम असा. आधी पीसीबी तपासणी आणि गॅस्केट बदल. जुनी कडक गॅस्केटं नव्या तेलात गळू लागतात. मग तेल पूर्ण उपसून गुंडाळी निथळू द्यावी, तळाच्या व्हॉल्व्हखालचा गाळ काढावा. टाकीच्या पाच ते दहा टक्के इतक्या सुमारे ६० अंश तापवलेल्या एस्टरने धुऊन ते तेल वेगळं काढावं. निर्वातात सावकाश भरावं आणि वीज देण्याआधी किमान चोवीस तास थांबावं, म्हणजे कागदात अडकलेली हवा सुटते. दाटीमुळे वरच्या तेलाचं तापमान काही अंशांनी वाढतं, म्हणून आधीच पूर्ण भारावर असलेल्या डीपीचा भार पुन्हा मोजावा. आणि श्वासाची वाट बंद करावी: हवाबंद टाकी किंवा रबरी पिशवी. नुसता ब्रीदर ठेवून एस्टर भरणं म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीचाच प्रयोग पुन्हा करणं.

दुरुस्तीत आणखी एक घोटाळा नेहमीचा. एस्टरमध्ये भिजलेली कोर-कॉइल बाहेर काढली आणि सवयीने गरम हवेच्या भट्टीत टाकली, तर गुंडाळीवरचा तेलाचा पातळ थर वार्निशसारखा कडक होऊ लागतो आणि तेलाच्या वाटा बुजतात. ती निर्वातातच सुकवावी, किंवा काम लांबणार असेल तर तेलातच बुडवून ठेवावी.

नदीकाठी, बाजार समितीत, सिंहस्थाच्या गर्दीच्या जागी असं रोहित्र बसवणं पटण्यासारखं आहे. तेल खनिज तेलाच्या दुप्पट किंवा त्याहून महाग पडतं, म्हणून सगळ्या डीपी बदलायचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. विघटन होतं म्हणून ते गोदावरीत सांडलं तरी चालेल, असाही समज नको. विघटन करताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात आणि माशांना तो कमी पडतो. वापरलेलं तेल परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं.

शेवटचा धोका टॉप-अपचा. एस्टरचा जळणबिंदू ३०० च्या वर राहायचा तर त्यात खनिज तेल सुमारे सात टक्क्यांपेक्षा जास्त नको. २०० लिटरच्या टाकीत म्हणजे १४ लिटर, आणि त्यातले काही लिटर धुऊनही कागदात उरलेले असतातच. लाइनवरच्या माणसाने पातळी कमी दिसली म्हणून स्टोअरमधून आणलेला खनिज तेलाचा एक कॅन ओतला, की केलेला खर्च वाया. म्हणून व्हॉल्व्हशेजारी, टॉप-अपच्या झाकणावर आणि नेमप्लेटवर, तिन्ही ठिकाणी तेलाचं नाव ठळक लिहावं, आणि त्याच तेलाचा बंद डबा स्टोअरमध्ये वेगळ्या रंगाने खूण करून ठेवावा.