पार्किन्सन रुग्णांसाठी व्हीआर व्यायाम-खेळ (बेळगाव सीमाभाग)

पार्किन्सन, म्हणजेच कंपवात, झालेल्या माणसाने टीव्हीच्या पडद्यावरचे किंवा व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटमधले, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या पडद्यातले, दृश्य पाहत हातपाय हलवायचे आणि त्या हालचालीनुसार खेळ पुढे सरकायचा, असा हा व्यायामप्रकार आहे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णन केलेल्या या आजारात मेंदूतल्या डोपामाइन (हालचालींचे संदेश पोहोचवणारे रसायन) तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. लेवोडोपाच्या गोळ्यांनी ताठरपणा आणि मंदपणा बराच आटोक्यात येतो. तोल जाण्यावर मात्र गोळ्यांचा तेवढा इलाज चालत नाही. तिथे व्यायामच लागतो.

चालणे एरवी आपसूक होते. या आजारात तेच बिघडते. पण डोळ्यांना खूण किंवा कानांना ठेका मिळाला, की अडलेले पाऊल बरेचदा सुटते. खानापूर भागातल्या जुन्या घरात सोप्यातून आत जाताना आजोबा उंबऱ्याशी थबकतात, पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. मागून कोणी ‘चला की ओ’ म्हणून घाई केली तर आणखीच अडतात. त्याच जागी जमिनीवर रंगीत पट्टी आडवी चिकटवली, तर ती ओलांडण्यासाठी पाय उचलला जातो. एकादशीच्या भजनातला टाळही पावलांना असाच आधार देऊ शकतो. व्हीआर खेळ हेच करतो: वाटेत डबके, दगड, वळण आणतो आणि प्रत्येक पाऊल जाणीवपूर्वक टाकायला लावतो.

या खेळांचा प्रसार घरगुती गेमिंग यंत्रांमुळे झाला. निन्टेंडो वी २००६ मध्ये आले, हालचाल टिपणारा कायनेक्ट कॅमेरा २०१० मध्ये. पण ते खेळ धडधाकट माणसांसाठी बनवलेले होते. कंपवाताच्या रुग्णाला त्यांचा वेग झेपत नाही. म्हणून पुढे खास उपचारासाठी प्रणाली तयार झाल्या. ‘व्ही-टाइम’ या पाच देशांतल्या चाचणीत वारंवार पडणारे ३०२ ज्येष्ठ होते, त्यांत पार्किन्सनचे रुग्णही होते. ट्रेडमिलवर चालताना त्यांतल्या एका गटाला स्वतःचे पाय समोरच्या पडद्यावर दिसत आणि आभासी अडथळे ओलांडावे लागत. सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा हे चालले. २०१६ मध्ये निष्कर्ष आले: या गटात सहा महिन्यांत माणशी पडण्याची सरासरी ११.९ वेळांवरून पुढच्या सहा महिन्यांत ६ वेळांवर आली; नुसत्या ट्रेडमिलच्या गटात १०.७ वरून ८.३ वर. त्याच वर्षीच्या कॉक्रेन (वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यात मात्र ८ चाचण्या आणि २६३ रुग्णच होते. पावलाची लांबी थोडी अधिक सुधारली, बाकी लाभ नेहमीच्या फिजिओथेरपीइतकाच. तेव्हा हेडसेट नाही म्हणून कोणी खंत करू नये.

सीमाभागात खरी अडचण आठवड्यातल्या त्या तीन फेऱ्यांची आहे. फिजिओथेरपीचे महाविद्यालय आणि मोठी रुग्णालये बेळगाव शहरात. कणकुंबीच्या रुग्णाला ऐन पावसाळ्यात तिथवर यायचे म्हणजे सोबतच्या माणसाचा दिवस मोडतो. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ. म्हणून फिजिओथेरपिस्टकडे नीट शिकून घरच्या टीव्हीसमोर करता येणारे खेळ इथे जास्त कामाचे.

गोळीचा अंमल असतानाच खेळावे, शेजारी धरायला माणूस असावा, पायाखालची सतरंजी काढून टाकावी. उठल्यावर रक्तदाब उतरत असेल किंवा नसलेली माणसे दिसत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट डोळ्यांवर चढवू नये.

भाषेकडेही लक्ष हवे. चालता चालता हिशेब करायला लावणे हा या व्यायामाचा महत्त्वाचा भाग, कारण रुग्ण बरेचदा दोन कामे एकदम करताना पडतो. सूचना इंग्रजीत आल्या तर येळ्ळूरच्या आजींचे निम्मे लक्ष त्या समजून घेण्यातच जाते. मराठी शाळेत शिकलेल्या आजींना चालताना तेराचा पाढा म्हणायला सांगावा, कन्नड शाळेत शिकलेल्यांना कन्नडमधला.