गोकूची क्षणउडी: ‘शुनकान इदो’चे नियम आणि भौतिकशास्त्राचे अडसर

‘ड्रॅगन बॉल झी’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेत नामेक ग्रहाच्या स्फोटातून वाचलेला नायक गोकू पृथ्वीवर परततो, तेव्हा एक नवी विद्या घेऊन येतो. यार्द्रात ग्रहावरच्या लोकांनी शिकवलेली ‘शुनकान इदो’, म्हणजे इंग्रजी डबमधलं ‘इन्स्टंट ट्रान्समिशन’. सगळ्यांच्या समोरून तो नाहीसा होतो आणि परततो तेव्हा त्याच्याकडे दूरवर राहणाऱ्या त्याच्या गुरूचा, मास्टर रोशीचा, गॉगल असतो. हा पुरावा द्यावाच लागतो, कारण या मालिकेत डोळ्यांना न दिसण्याइतक्या वेगाने हलणारे लढवय्ये पुष्कळ आहेत. वेगाने जाणाऱ्याला मधलं अंतर कापावंच लागतं, वाटेत भिंत आली तर अडावं लागतं. शुनकान इदोत मधलं अंतर येतच नाही.

मूळ कथेचे लेखक आकिरा तोरियामांनी या शक्तीला नेमके नियम घातले आणि ते पाळले, म्हणून ती चमत्कारापेक्षा तंत्रासारखी वाटते. तर्जनी आणि मधलं बोट कपाळाला टेकवून गोकू मन एकाग्र करतो. मग जिथे जायचं आहे तिथल्या एखाद्या व्यक्तीची की-ऊर्जा, म्हणजे तिची प्राणशक्ती, शोधतो. ती पक्की सापडली की उडी. सोबत कुणाला न्यायचं असेल, तर त्याचा स्पर्श असला पाहिजे. सेल या खलनायकाच्या अर्धविकसित रूपाच्या तावडीतून तेनशिनहान आणि पिकोलो या साथीदारांना सोडवताना हेच दिसतं: आधी तेनशिनहानला पकडायचं, मग पिकोलोची मंदावलेली ऊर्जा हुडकून त्याच्यापाशी पोहोचायचं, आणि दोघांना धरून निसटायचं.

यातली कळीची अट म्हणजे उडीचा पत्ता जागेचा नसतो, माणसाचा असतो. निर्जन ग्रहावर जाता येत नाही. १७ आणि १८ क्रमांकाच्या अँड्रॉइडची ऊर्जा जाणवतच नाही, म्हणून त्यांचा माग काढता येत नाही. फार दूरची ऊर्जाही हाती लागत नाही. स्फोटानंतर नामेकवासी ज्या नव्या ग्रहावर वसले, त्या नव्या नामेकवरचे लोक गोकूला पृथ्वीवरून सापडत नाहीत; त्याला आधी परलोकातले त्याचे गुरू किंग काई यांच्याकडे जावं लागतं, त्यांच्याकडून दिशा समजून घ्यावी लागते, आणि मगच तो नामेकवर जाऊन देंदे या तिथल्या मुलाला घेऊन येतो.

सेलबरोबरच्या लढाईचा शेवट याच अटीवर उभा आहे. फुगलेला सेल स्वतःच्या स्फोटासोबत अख्खी पृथ्वी उडवणार असतो. त्याला ओसाड ठिकाणी नेऊन सोडणं सर्वांत शहाणपणाचं ठरलं असतं. पण ओसाड ठिकाणी पकडायला ऊर्जाच नसते. म्हणून गोकूला सुचतो तो ओळखीचा पत्ता, किंग काईंचा चिमुकला ग्रह. तिथे गोकू, किंग काई आणि त्यांचं माकड बबल्स, तिघेही मरतात. सेल मात्र उरलेल्या पेशीतून पुन्हा उभा राहतो आणि तीच विद्या वापरून परत येतो. नियम लेखकालाही बांधून ठेवतो तेव्हा गोष्टीला असं वजन येतं.

गंमत अशी की पलीकडे आधीपासून काहीतरी असलंच पाहिजे, ही अट खऱ्या प्रयोगशाळेतही आहे. १९९३ साली बेनेट, ब्रासार्ड आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी क्वांटम टेलिपोर्टेशनची कृती मांडली. आधी परस्परांत गुंतलेल्या, म्हणजे ज्यांच्या अवस्था एकमेकींशी जोडलेल्या असतात अशा, कणांची जोडी तयार करून एक कण इथे ठेवायचा, दुसरा पलीकडे पाठवायचा. ज्या तिसऱ्या कणाची अवस्था पाठवायची तो आणि इथला कण यांचं एकत्र मापन करायचं. या मापनाची चार उत्तरं संभवतात. कोणतं आलं ते दोन बिटांच्या साध्या संदेशाने पलीकडे कळवायचं. मग तिथला माणूस उत्तरानुसार आपल्या कणावर चारपैकी एक क्रिया करतो, आणि मूळ अवस्था तिथे अवतरते. इथली मूळ अवस्था मापनातच नष्ट झालेली असते, त्यामुळे दोन प्रती उरत नाहीत. प्रवास अवस्थेचा होतो, पदार्थ जागचा हलत नाही.

अडचणी येतात त्या बहुधा मापनात आणि वाटेत. नुसते आरसे आणि अर्धपारदर्शक काचा वापरल्या, तर चारपैकी दोनच उत्तरं निश्चित ओळखता येतात. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमधल्या १९९७च्या प्रयोगात एकच ओळखलं जात होतं. शिवाय फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, वाटेत हरवतात. तरीही चिनी शास्त्रज्ञांनी २०१७ साली तिबेटमधून ‘मिशियस’ उपग्रहापर्यंत, कमाल १,४०० किलोमीटरवर, फोटॉनची अवस्था पोहोचवली. सत्तर किलोच्या माणसात मात्र ७ वर २७ शून्यं इतके अणू असतात.

दोन बिटांचा तो संदेश प्रकाशापेक्षा वेगाने जाऊ शकत नाही. १,४०० किलोमीटरला निदान ४.७ मिलिसेकंद लागतातच. गोकूला दूरच्या ग्रहावरची ऊर्जा तत्क्षणी जाणवते, आणि मालिका भौतिकशास्त्राची वाट सोडते ती इथेच. सापेक्षतेनुसार ‘आत्ता’ हा क्षण सगळ्या निरीक्षकांसाठी एक नसतो. वेगवेगळ्या गतीच्या ग्रहांदरम्यान खरोखर क्षणात ये-जा करता आली, तर निघण्यापूर्वीच परत पोहोचण्याची शक्यता निर्माण होते. गोकू ही विद्या प्रथम दाखवतो त्याच दिवशी भविष्यातून आलेला ट्रंक्स त्याला भेटलेला असतो, हे मला फार आवडतं.

ऊर्जेचा हिशेब याहून कठोर आहे. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे ४६५ मीटर वेगाने फिरतो. तिथून गोलाच्या बरोबर विरुद्ध बिंदूवर उडी मारली, तर अंगातला वेग आणि तिथल्या जमिनीचा वेग यांत सेकंदाला ९३० मीटरचा फरक पडेल. सत्तर किलोच्या माणसाबाबत या फरकाची ऊर्जा सुमारे ३ कोटी ज्यूल, म्हणजे टीएनटी या स्फोटकाच्या सात किलोंइतकी होते. समुद्रसपाटीवरून एव्हरेस्टवर उडी घेतली, तर लागणारी ६० लाख ज्यूल ऊर्जा कुठून येणार? शरीराच्या उष्णतेतून आली, तर तापमान सुमारे २५ अंशांनी उतरेल: ३७ वरून १२ वर. तिथे उभं राहायला जिवंत माणूस उरणारच नाही.

हवेचंही तसंच. नाहीशा झालेल्या माणसामागे सुमारे ७० लिटरची पोकळी राहते आणि ती भरायला हवा धावते. त्यात सुमारे ७,००० ज्यूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे दणदणीत बार व्हायला हवा. पोहोचल्यावर उलट काम: तिथली ८० ते ८५ ग्रॅम हवा आधी बाजूला सारावी लागेल, नाहीतर तिचे बुडबुडे थेट रक्तात आणि मेंदूत असतील.