आनंदाचा वेग

लॉटरी लागलेल्या माणसाला मासिक वाचण्यात इतरांइतकीच मजा येते का? फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात खरोखरच विचारला. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात लॉटरीचे २२ विजेते होते. मित्राशी गप्पा, न्याहारी, एखादा विनोद, मासिक वाचणं अशा रोजच्या गोष्टी किती सुखाच्या वाटतात, याला त्यांनी गुण द्यायचे होते. बाकीच्यांपेक्षा विजेत्यांनी कमी गुण दिले. २२ ही संख्या तुटपुंजीच, आणि स्वीडनमधल्या विजेत्यांच्या पुढच्या, कितीतरी मोठ्या अभ्यासात पैशाने समाधान वाढलेलंही दिसलं. तेव्हा पैशाला नावं ठेवायची घाई नको. पण सुखाची सवय होते, हे खरंच.

ही सवय पेशींच्या पातळीवरही दिसते. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत माकडाला अचानक रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी उसळत. रसाआधी ठरावीक खूण होते हे माकडाच्या लक्षात आलं, की पेशी खुणेला उसळू लागत आणि प्रत्यक्ष रस आल्यावर गप्प राहत. आपल्याला अपेक्षित ते मिळालं, यात मेंदूच्या दृष्टीने बातमी नसते.

मग रोज तीच प्रार्थना म्हणणाऱ्याला कंटाळा कसा येत नाही? तिथे तर बातमी मुळीच नाही.

इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी यांच्या गटाने २००१ साली २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली ‘आवे मारिया’ ही प्रार्थना आणि बौद्धांचा एक मंत्र म्हणायला लावला. धर्म दोन, भाषा दोन; पण दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे ६ वर आला. एरवी तो १२ ते २० च्या घरात असतो. आता गंमत बघा. रक्तदाबातही साधारण १० सेकंदांची एक नैसर्गिक लाट असते, म्हणजे मिनिटाला ६. मानेतल्या धमन्यांच्या भिंतींत दाबाची नोंद घेणारे मज्जातंतू असतात. त्यांच्या निरोपावरून हृदयाची गती कमीजास्त होते. श्वास या लाटेच्या तालावर आला की, नेमक्या वेळी ढकललेल्या झोक्यासारखी, प्रत्येक लाट उंचावते आणि ही यंत्रणा अधिक तत्पर होते. देव आहे की नाही, याबद्दल हा प्रयोग अर्थातच काही बोलत नाही. श्रद्धाळू माणसाने त्यावर रुसू नये आणि नास्तिकाने हसू नये.

वाचनातही असाच संथपणा सापडतो. व्हिक्टर नेल यांनी १९८०च्या दशकात आवडीने कादंबऱ्या वाचणाऱ्यांचा वेग मोजला. रंगलेला वाचक पानं भराभर उलटतो, असं आपल्याला वाटतं. पण सगळ्यात आवडलेल्या पानांवर वाचक रेंगाळत होते. आणि नेमक्या त्याच पानावर घरातून हाक येते! त्यावरही थोडा दिलासा आहे. लीफ नेल्सन आणि टॉम मेव्हिस यांनी २००८ साली दाखवलं, की मालिश मधेच थोडं थांबवून पुन्हा सुरू केलं, तर ते सलग मालिशपेक्षा जास्त सुखाचं वाटतं. लोकांचा आधीचा अंदाज नेमका उलट होता. खंड पडला, की तेवढ्यात मेंदूची सवय मोडते.

जप, वाचन आणि मालिश एका माळेत ओवण्याचा उद्योग माझा, त्या संशोधकांचा नव्हे. पण कुटुंबाकडे पाहताना मला हाच धागा दिसतो. शेली गेबल यांच्या २००४ सालच्या संशोधनानुसार, चांगली घटना कुणाला तरी सांगितली की त्या दिवशीचा आनंद घटनेने जेवढा दिला असता त्याहून वाढतो. पण ऐकणारा कसा ऐकतो, यावर बरंच अवलंबून असतं. ‘छान’ म्हणून मान खाली घालणं वेगळं आणि ‘मग? पुढे काय झालं?’ विचारणं वेगळं.

पडलेला दात मुठीत धरून धावत आलेलं मूल आठवा. दात पडायला एक क्षण लागला असेल. आईला सांगताना त्यात रक्त येतं, बाबांना सांगताना मित्र येतात, आणि आजीपर्यंत पोचेतो ती दहा मिनिटांची कथा झालेली असते, कारण आजी दर वाक्याला विचारते, ‘आणि मग?’